एकच दारू, दोन काडतुसं

(१९७८ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर विचारलं, "तू कशावर बोलणार?" मी म्हटलं, "दारूवर." पलीकडे क्षणभर शांतता. मग अगदी हळू आवाजात, "अरे, सर आणि बाईपण येणार आहेत." म्हणून आधीच खुलासा करतो. ही प्यायची दारू नव्हे, ही बंदुकीची. प्यायच्या दारूवर बोलणारे आपल्या वर्गात माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत, त्यांचं भाषण जेवणानंतर ठेवलं असेल.

आपण खडकीची मुलं. आपल्यातल्या निम्म्या घरांचं घड्याळ अम्युनिशन फॅक्टरीच्या भोंग्यावर चालायचं. १८६९ सालचा तो कारखाना. माझे वडील तिथेच होते. 'दारूगोळा' हा शब्द आमच्या घरात इतका रुळलेला, की पहिली-दुसरीत मला वाटायचं सगळ्यांचेच बाबा दारूगोळा करतात. बाबा कामाला निघाले की आई त्यांचे खिसे चाचपायची, चुकून आगपेटी राहिली नाही ना. गेटवर झडती असायचीच, पण आईची झडती त्याहून कडक. कारखान्यातलं काही ते घरी बोलायचे नाहीत. एकच वाक्य नेहमी ऐकलं: "दारूला घाई चालत नाही आणि गप्पा चालत नाहीत." त्या वाक्याचा अर्थ मला वयाच्या पन्नाशीत, अमेरिकेत, माझ्या घराच्या तळघरात कळला. तेच आज सांगायचं आहे.

रायफल पहिल्यांदा हातात घेतली ती शाळेतच, एन.सी.सी.मध्ये. पॉइंट टू-टू. पाच गोळ्या मिळायच्या आणि त्यातल्या तीन माझ्या शेजारच्याच्या टार्गेटवर लागायच्या. तो आज इथे आहे. त्याला मिळालेलं बक्षीस खरं तर माझं आहे.

१९८६ साली नोकरीसाठी अमेरिकेत गेलो आणि कोलोरॅडोत स्थिरावलो. तिथे नेमबाजीचा नाद पुन्हा लागला. माझ्याकडे दोन रायफली आहेत. एक ०.३०८ विंचेस्टर, तिला मी थोरली म्हणतो. दुसरी ०.२२३ रेमिंग्टन, ती धाकटी. दोन कशाला, असं आमची ही पण विचारते. कारण असं, की कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे हरणासाठी किमान ०.२४ इंच व्यासाची गोळी लागते, त्यामुळे धाकटी तिथे चालत नाही. आणि रोज कागदावर नेम धरायला थोरली खांद्याला जड आणि खिशालाही जड. शिकार कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. माझ्या शंभरातल्या नव्वद गोळ्या कागदावरच जातात.

तिकडे बरेच नेमबाज काडतुसं घरी भरतात. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी झाडली की पुंगळी शिल्लक राहते, आणि ती नीट सांभाळली तर पुन्हा पुन्हा भरता येते. पैसे वाचतात. शिवाय आपल्या रायफलीला मानवेल असं काडतूस करता येतं.

आता दारू म्हणजे काय? आपल्याला शाळेत शिकवली ती काळी दारू: सोरा, कोळसा, गंधक. आजच्या रायफलीत ती नसते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू केली. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. ही दारू बंदुकीत 'फुटत' नाही, ती जळते. दाण्याच्या पृष्ठभागावरून आत आत जळत जाते. म्हणून दाण्याचा आकार फार महत्त्वाचा. काही दारूचे दाणे शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखे, काहींचे मोहरीहून बारीक गोल, त्यांना बॉल पावडर म्हणतात. काही झटकन जळतात, काही दमाने. झटकन जळणारी पिस्तुलाला, दमाने जळणारी मोठ्या काडतुसाला. बाजारात अशा कितीतरी जातींचे डबे मिळतात.

आणि हे सगळं तोलायचं ग्रेनमध्ये. आपल्या जुन्या तोळ्याचे १८० ग्रेन होतात. म्हणजे सोनाराची एक गुंज साधारण पावणेदोन-दोन ग्रेनची. मी ज्या तराजूवर दारू तोलतो, तो ग्रेनचा दहावा भाग दाखवतो. गुंजेचा जवळजवळ विसावा भाग! सर, तुमच्या प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला तराजू आठवतो का? वजन चिमट्याने उचलायचं, बोटाने नाही. मी एकदा बोटाने उचललं म्हणून तासभर बाहेर उभा होतो. आजही चिमटाच वापरतो, सर.

आता मुख्य गोष्ट. २०१२ सालापर्यंत माझ्याकडे दोन दारू होत्या. धाकटीसाठी एच ३३५ नावाची बॉल पावडर आणि थोरलीसाठी व्हार्गेट नावाची शेवयांसारखी. प्रत्येकीची आवड वेगळी, म्हणून प्रत्येकीचा डबा वेगळा.

एका शनिवारी रात्री मी थोरलीची शंभर काडतुसं भरत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन रेंजवर जायचं होतं. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. दारू मापायला एक यंत्र असतं, वर डबा, खाली दांडा. दांडा फिरवला की ठरलेल्या आकारमानाची दारू पडते. काम निम्म्यावर आलं आणि फोन वाजला. भारतातून. फोन कोणाचा होता ते सांगत नाही, तो पहिल्या रांगेत बसलाय आणि आता खाली बघतोय. आपल्या वर्गातले कोण कुठे आहेत याची यादी तो करत होता. अर्धा तास बोललो. कोण कुठे, कोणाचं लग्न, कोण गेलं. मन पार खडकीत. खाली आलो तर यंत्रातली दारू संपत आली होती. टेबलावर दोन डबे. हाताला आला तो उचलला आणि ओतला.

शंभर काडतुसं पूर्ण झाली. उरलेली दारू परत डब्यात ओतताना दिव्याखाली पाहिलं, तर शेवयांमध्ये मोहरी. म्हणजे शेवटच्या काही काडतुसांत धाकटीची दारू गेली होती.

यात काय बिघडतं ते सांगतो. एक तर धाकटीची दारू त्या मानाने झटपट जळणारी. दुसरं, गोल दाणे दाटीने बसतात, त्यामुळे तेवढ्याच आकारमानात वजन जास्त भरतं. म्हणजे चूक दुहेरी. थोरलीच्या काडतुसाची दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस असतात. त्या ६२,००० च्या किती पलीकडे मी गेलो होतो ते मला माहीत नव्हतं, आणि तो दाब ज्या जागी तयार होतो, तिथून चार-पाच इंचांवर माझ्या मुलाचा गाल असणार होता.

कोणत्या काडतुसापासून दारू बदलली हे बाहेरून कळत नाही. गोळी बसली की सगळी सारखीच दिसतात. शंभरच्या शंभर उघडायला घेतली. त्यासाठी हातोडीसारखं एक अवजार असतं, त्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी आणि दारू सुटी होते. रात्री दोन वाजता ही खाली आली. "अहो, एवढ्या रात्री काय ठोकताय?" मी काही बोललो नाही. एकोणतीस पुंगळ्यांत चुकीची दारू निघाली, दोन-तीनमध्ये मिसळ. सकाळी मुलाला म्हटलं, आज रेंज नाही. का ते त्याला सांगितलं. सगळं सांगितलं. ते काडतुसं ठोकण्यापेक्षा अवघड होतं.

त्या रात्री ठरवलं, टेबलावर यापुढे एकच डबा. दोन रायफली, दारू एक.

बोलायला सोपं आहे. पण एकच औषध दोन रोग्यांना चालेल का, हे पाहावं लागतं. त्याचं गणित आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. काडतूस म्हणजे एक तांब्या. पोटात दारू, गळ्यातून वाट. पोट मोठं आणि गळा अरुंद असेल तर दारू दमाने जळणारी हवी, नाही तर दाब एकदम चढतो. पोटाच्या मानाने गळा मोठा असेल तर झटपट जळणारी चालते. पोटात किती पाणी मावतं यावरून पोट मोजतात. थोरलीत साधारण ५६ ग्रेन पाणी मावतं, धाकटीत साधारण २८. म्हणजे पोट दुप्पट. गोळीचा व्यास थोरलीचा ७.८ मिलिमीटर, धाकटीचा ५.७. वर्ग करून पाहा, गळ्याचं क्षेत्रफळही दुपटीच्या जवळ येतं. अंगाने एक मोठी, एक लहान, पण पोटाचं आणि गळ्याचं प्रमाण बहिणी-बहिणींचं. म्हणून या दोघींना एक दारू चालू शकते.

हेच प्रत्येक जोडीला लागू नाही. ०.२४३ विंचेस्टर नावाचं काडतूस आहे. ते थोरलीच्याच पुंगळीचं तोंड अरुंद करून १९५५ साली बाजारात आलं. पोट जवळजवळ तेवढंच, पण गळ्याचं क्षेत्रफळ साठ टक्क्यांच्या आसपास. सख्खी बहीण दिसते, पण तिला साधारणपणे जास्त दमाची दारू लागते. चेहऱ्यावरून नातं जुळवू नये ते असं.

दुसरी गोष्ट गोळीच्या वजनाची. हलकी गोळी चटकन निघून जाते, तिच्यामागे दमाने जळणारी दारू पुरती जळतच नाही. धाकटीत मी ५५ ग्रेनची हलकी गोळी वापरायचो. व्हार्गेटवर ती रेंगाळली. तेव्हा दारू न बदलता गोळी बदलली, ६९ ग्रेनची घेतली. पण तेही सगळ्यांना जमणार नाही. माझ्या धाकटीच्या नळीतले आटे ९ इंचांत एक वेढा घेतात. जुन्या काही रायफलींत १२ इंचांत एक वेढा असतो, त्यात ही लांब गोळी स्थिर राहत नाही, डगमगते.

तिसरी गोष्ट हवामान. कोलोरॅडोत उन्हाळ्यात गाडीत ठेवलेलं काडतूस हाताला चटका देतं आणि नोव्हेंबरात हरणाच्या हंगामात पाणी गोठतं. काही दारू उन्हात जास्त दाब देतात, थंडीत कमी. व्हार्गेट त्या बाबतीत शांत स्वभावाची. तिचं नावच दोन इंग्रजी शब्द जोडून केलं आहे, व्हार्मिंट म्हणजे शेतातले उपद्रवी प्राणी आणि टार्गेट म्हणजे निशाण. जणू माझ्या दोघींसाठीच.

चौथी गोष्ट नावाची. अमेरिकेत ४८९५ या आकड्याच्या दोन दारू मिळतात, एकीच्या आधी आय.एम.आर., दुसरीच्या आधी एच. आकडा एक, पण दारू दोन. एकीचं माप दुसरीला लावायचं नाही. आपल्या वर्गात एकाच आडनावाचे दोघे होते, एकाचा मार दुसऱ्याने खाल्ला होता, आठवतं? तिथे छडी होती, इथे बोटं जातात.

आता कोणी म्हणेल, मोठ्या सैन्याकडे तज्ज्ञ असतात, त्यांना हे सहज जमत असेल. म्हणून एक खरा इतिहास सांगतो. १९६० च्या दशकात अमेरिकन सैन्याने एम-१६ ही नवी रायफल घेतली. तिचं काडतूस ५.५६ मिलिमीटरचं, म्हणजे माझ्या धाकटीचंच लष्करी रूप. ती रायफल तयार करताना चाचण्या झाल्या त्या एका विशिष्ट दारूवर, आय.एम.आर. ४४७५ वर. सैन्याने ठरवलेला वेग, दाबाची मर्यादा सांभाळून, त्या दारूवर मोठ्या उत्पादनात सातत्याने मिळेना. तेव्हा १९६४ मध्ये डब्ल्यूसी ८४६ या बॉल पावडरला मंजुरी मिळाली. ती कुठली? ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसात, म्हणजे थोरलीच्या लष्करी रूपात, आधीपासून वापरात असलेली. एकच दारू, दोन काडतुसं! हिशेब सोपा वाटला.

दारू वाईट नव्हती. थोरलीत ती उत्तम चालत होती. वेगही मिळाला, दाबही मर्यादेत. पण एम-१६ मध्ये नळीतला थोडा वायू मागे आणून त्यावर रायफलीचं यंत्र चालतं. ही दारू वेगळ्या तऱ्हेने जळत असल्यामुळे वायू घेण्याच्या जागी दाब जास्त पडू लागला. यंत्र नको तितकं वेगाने धावू लागलं. त्या दारूत आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपला खडू, घातलेला असायचा. त्याची राख नळीत साचायची. त्यात भर अशी, की रायफलीच्या काडतूस बसण्याच्या जागेला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सैनिकांना साफसफाईचं सामान पुरेसं दिलेलं नव्हतं. व्हिएतनामच्या दमट जंगलात ऐन लढाईत रायफली अडकू लागल्या. माणसं गेली. १९६७ मध्ये काँग्रेसमन रिचर्ड आयकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी करून लष्करावर कडक ताशेरे ओढले. मग मुलामा आला, यंत्राचा वेग आवरणारा नवा भाग आला, साफसफाईचं सामान आलं, दारूतला खडू कमी झाला आणि पुढे ५.५६ साठी डब्ल्यूसी ८४४ ही वेगळी दारू ठरली. आणि मी टेबलावरून हटवलेली ती एच ३३५, ती याच ८४४ च्या घराण्यातली.

हे वाचलं तेव्हा मला घाम फुटला. कारण मीही तेच करायला निघालो होतो. थोरलीत चालते, मग धाकटीत चालेलच. म्हणून मी धाकटीला नव्याने विचारायचं ठरवलं. दारूच्या कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक काडतुसाचं, प्रत्येक गोळीचं सुरुवातीचं आणि शेवटचं वजन दिलेलं असतं. धाकटीसाठी पार खालच्या वजनापासून सुरुवात केली. पाच-पाच काडतुसं, थोडं थोडं वाढवत. प्रत्येक पुंगळी पाहायची, प्रायमर चपटा झाला का, बोल्ट उघडताना जड लागतो का, वेगमापकावर आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का. तिची दाबाची मर्यादाही वेगळी, ५५,००० पौंड. थोरलीचं एकही माप तिला लावलं नाही. दोन महिने गेले. मुलगा शेजारी बसून वहीत आकडे लिहीत होता. मी सांगितलेला आकडा तो परत वाचून दाखवायचा आणि मी "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढे जायचा नाही. मी शिकवलं नव्हतं. त्या रात्रीने शिकवलं होतं.

तोटा काय झाला तेही सांगतो. थोरलीचा काहीच नाही. धाकटीचा थोडा. तिच्या चिमुकल्या पुंगळीत शेवया कधी कधी नरसाळ्यातच अडकतात, टिचकी मारावी लागते. बॉल पावडर पाण्यासारखी पडायची. आता प्रत्येक काडतूस हाताने तोलतो, वेळ दुप्पट लागतो. हलक्या गोळीचा तो सुसाट वेगही गेला. म्हणजे धाकटीला तिची पहिल्या पसंतीची दारू मिळाली नाही, दुसऱ्या पसंतीची मिळाली. आणि मला रात्रीची झोप मिळाली.

एक फायदा अनपेक्षित झाला. २०१३ मध्ये तिकडे दारूचा तुटवडा पडला, दुकानांची फळीच्या फळी रिकामी. माझ्याकडे एकाच जातीचा साठा होता. एका पाउंडात ७,००० ग्रेन. त्यात धाकटीची अडीचशेहून जास्त काडतुसं होतात, थोरलीची दीडशेच्या आसपास. ज्या हंगामात जिला गरज, तिला वाढायचं.

इथल्या तरुण मंडळींसाठी एक सूचना. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे. तेव्हा हे भाषण ऐकून कोणी घरी प्रयोग करू नये. दिवाळीचे फटाके पुरेत.

बाबा २००४ मध्ये गेले. ही गोष्ट त्यांना सांगायची राहिली. सांगितली असती तर ते रागावले नसते, एवढंच म्हणाले असते, "फोन का उचललास?" आता तळघरात फोन नेत नाही. टेबलावर एक डबा, एक तराजू, एक चिमटा. काम झालं की डबा कपाटात, मगच वर येऊन फोन पाहतो. तुमच्यापैकी कोणाचा फोन मी उचलला नाही, तर रागावू नका. तासाभराने मीच करेन.

आणि पहिल्या रांगेतल्या मित्रा, तुझ्या त्या यादीमुळेच आज आपण सगळे इथे आहोत. चूक माझ्या हाताची होती, तुझ्या फोनची नव्हती. वर बघ आता.